बँड अजून घट्ट करून घेऊ का?

गेल्या अंकात मी माझ्या गॅस्ट्रिक बँडबद्दल, म्हणजे वजन उतरावं म्हणून जठराभोवती बसवलेल्या कड्याबद्दल, एक पान लिहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी वजन ११८ किलो असताना ऑपरेशन केलं, हळूहळू ८६ पर्यंत आले, आज ८८ आहे, एवढीच ती हकीकत. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांनी विचारलंय ते ऑपरेशनबद्दल नाही, त्यानंतरच्या रोजच्या दिवसांबद्दल. त्यातल्या काहींना इथे उत्तर देते. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. औषध, सुई, बँड भरणं किंवा रिकामा करणं यातलं काहीही तुमच्या सर्जनना विचारल्याशिवाय करू नका. माझ्याकडे आहे तो फक्त अकरा वर्षांचा अनुभव.

प्रश्न : बँड बसवून चौदा महिने झाले. पहिल्या सात महिन्यांत १३ किलो उतरलं, मग काटा अडला. गेल्या दोन महिन्यांत उलट २ किलो वाढलं. भात, पाव, चिकन काहीच जात नाही, दोन घासांत अडकतं. रात्री आईस्क्रीम तेवढं सुखाने खाली उतरतं. वजन वाढतंय म्हणजे बँड सैल पडलाय ना? पुढच्या भेटीत अजून घट्ट करून मागणार आहे.

नका मागू. तुमचा बँड सैल नसावा, नको इतका घट्ट असावा असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. मलाही हे पटायला वेळ लागला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑपरेशनआधी आपल्याला एक चित्र दाखवतात. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचं कडं, कड्याच्या आतल्या बाजूला फुगा, फुग्यापासून निघालेली बारीक नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला कातडीखाली शिवलेलं पोर्ट. पोर्टमध्ये सुईने सलाईन सोडलं की फुगा फुगतो आणि कडं आवळतं. कड्याच्या वर जठराचा दोन-चार चमचे मावतील एवढाच कप्पा उरतो. हे चित्र पाहिलं की कुणालाही वाटेल, कप्पा भरला की जागा संपली आणि जागा संपली की खाणं थांबलं. म्हणजे जितकं आवळू तितकं कमी खाऊ. मला हे समीकरण इतकं सरळ वाटलं की तीन वर्षं मी ते तपासूनही पाहिलं नाही.

बँड तसा चालत नाही. नीट बेताने भरलेल्या बँडवर अन्न साठून राहतच नाही. बारीक चावलेला लहान घास अन्ननलिकेच्या दोन-चार लाटांनी ढकलला जाऊन साधारण मिनिटभरात कड्यातून खाली जातो. जाता जाता तो तिथल्या भिंतीवर दाब देतो आणि त्या दाबाची खबर मज्जातंतूंमधून मेंदूला पोचते. आपल्याला ‘पुरे’ वाटतं ते त्या खबरीमुळे. मेलबर्नचे सर्जन पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचा सल्ला साधा आहे : घास लहान घ्या, भरपूर चावा, गिळा आणि पुढचा घास घ्यायच्या आधी मिनिटभर थांबा. एका जेवणाला अर्धी-पाऊण वाटी अन्न आणि वीसेक मिनिटं, त्यापुढे नाही.

आता कडं फार आवळलं तर काय होतं ते बघा. चावून खायचं अन्न खाली जातच नाही, त्यामुळे तो दाबही येत नाही आणि ‘पुरे’ची खबरही जात नाही. भूक मात्र जागीच असते. मग माणूस जे उतरतं ते शोधतो. आईस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट, दुधात भिजवलेली बिस्किटं. हे सगळं कड्यातून सरसर जातं, पोट भरल्याचं समाधान देत नाही आणि कॅलरी पुरेपूर देतं. तुमचं आईस्क्रीम ही तुमच्या मनाची दुबळी बाजू आहे असं समजू नका. तो फार आवळलेल्या बँडचा ठरलेला परिणाम आहे. डॉक्टर बँडच्या स्थितीला सिग्नलसारखे तीन रंग देतात. पिवळ्यात भूक लागते आणि मोठे घास आरामात जातात. हिरव्यात थोडक्यात समाधान होतं. लालमध्ये घास अडकतात, जळजळ होते, रात्री खोकला येतो आणि खाणं मऊ-गोडाकडे वळतं. वजन पिवळ्यातही वाढतं आणि लालमध्येही. आपण मात्र काट्याकडेच पाहतो, म्हणून दोन्हींना एकच उपाय मागतो.

माझं तिसरं वर्ष असंच गेलं. वजन ८९ वर थांबलं होतं आणि मी प्रत्येक भेटीत ‘अजून अर्धा मिली’ म्हणत होते. त्या वेळच्या दवाखान्यात भरून देत, फारसं विचारत नसत. बँड भरल्यावर तिथेच पेलाभर पाणी प्यायला देतात. ते उतरलं की घरी. शेवटच्या वेळी ते घोट घोट करत उतरलं आणि मी समाधानाने घरी आले. तीन आठवड्यांनी रात्रीचा खोकला लागला. आडवी झाले की अर्ध्या तासात ठसका आणि घशाशी आंबट पाणी. मी खडूच्या धुळीला दोष दिला. एका उशीच्या तीन उशा झाल्या. सकाळी अभ्र्यावर पिवळट डाग दिसायचा, तो मी धुऊन टाकायचे आणि विषय संपवायचे. दोन महिने खोकल्याचं औषध घेतलं. त्या दोन महिन्यांत माझं दुपारचं जेवण म्हणजे दुधात बुडवलेली बिस्किटं, कारण मधल्या सुट्टीत तेवढंच न अडकता जायचं. वजन दीड किलोने वाढलं.

मग मी दुसऱ्या सर्जनकडे गेले. त्यांनी वजनाच्या आधी विचारलं, “झोपल्यावर खोकला येतो का?” मी हो म्हटल्यावर त्यांनी मला टेबलावर आडवं केलं आणि मान उचलायला सांगितली. मान उचलली की पोटाचे स्नायू ताठ होतात आणि पोर्ट बोटाला नीट लागतं. सुई आत गेली, पोर्टच्या तळाला टेकली तेव्हा बारीकसा ‘टक्’ जाणवला, आणि सिरिंजमध्ये पाणी मागे येताना मी पाहिलं. एक मिली, बस. त्या रात्री मी एका उशीवर सलग झोपले. चौथ्या दिवशी उकडलेलं अंडं खाल्लं. घास गिळला, छातीच्या मध्यावर हलका दाब आला आणि निघून गेला. दहा-बारा घासांनंतर मला पुरे वाटलं. अडकलं म्हणून नाही, पुरे झालं म्हणून थांबायचं असतं हे मला बँड बसवल्यानंतर तिसऱ्या वर्षी कळलं. पुढच्या चार महिन्यांत जे ३ किलो उतरले ते सैल केलेल्या बँडवर.

तेव्हा भेटीला जाताना आठवडाभराचं खाणं खरंखुरं लिहून न्या. किती खाल्लं याच्यापेक्षा काय उतरलं आणि काय अडकलं ते लिहा. रात्री खोकला किंवा आंबट पाणी येत असेल तर भेटीची वाट पाहू नका, उद्याच फोन करा. ते पाणी फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. बेरियम पाजून एक्स-रे काढूया असं डॉक्टर म्हणाले तर नाही म्हणू नका. वरचा कप्पा ताणला गेलाय का, बँड जागेवरून सरकलाय का, हे त्यात दिसतं.

प्रश्न : माझ्या पत्नीला दोन वर्षांपूर्वी बँड बसवला. आठवड्यातून एकदा तरी ती जेवता जेवता उठून बेसिनकडे जाते. चेहरा पांढरा पडतो, तोंडातून फेस येतो. मी पाणी देतो, पाठीवर थोपटतो, तर चिडते. मी नक्की काय करू?

तुमची काळजी पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते, म्हणून आधी महत्त्वाचं : पाणी देऊ नका. घास कड्यावर अडकलेला असताना वरून गेलेल्या पाण्याला खाली जायला वाट नसते. ते घासावरच साचतं आणि कळ वाढवतं. इतर कुणाला ठसका लागला की आपण पाणी पुढे करतो, तेच इथे उलट पडतं. त्या चिडतात त्या पाण्यावर, तुमच्यावर नाही.

आतून कसं वाटतं ते सांगते. शाळेत एकदा निरोपाचं जेवण होतं. कुणाशी तरी बोलता बोलता मी कोरड्या चिकनचा तुकडा घाईत गिळला. दोन-तीन सेकंद काही नाही. मग छातीच्या हाडामागे कुणी मूठ रोवावी तसा दाब, तो पाठीत गेला, डाव्या खांद्यात कळ आली. बोलता येत होतं, श्वास चालू होता, पण वाक्य पुरं करायची ताकद नव्हती. मग तोंडाला लाळ सुटली. ती साधी लाळ नसते, घट्ट आणि तारेसारखी लोंबणारी असते, आणि ती गिळली तर तीही परत येते. घास पुढे सरकावा म्हणून शरीर ती तयार करत असतं. मी चाळीस मिनिटं बेसिनजवळ उभी होते. बाहेरून दार वाजवून तीनदा कुणी तरी विचारलं, बरं वाटतंय का. प्रत्येक वेळी उत्तर द्यायला श्वास गोळा करावा लागला. शेवटी तो तुकडा वर आला, जसा गिळला होता तसाच, न पचलेला, आणि क्षणात सगळं शांत झालं.

तेव्हा तुम्ही काय करायचं? जवळ रहा, टॉवेल द्या, प्रश्न विचारू नका. हळू चालणं बऱ्याच जणांना बरं वाटतं. घास सुटल्यावर उरलेलं जेवण संपवायचा आग्रह धरू नका. आतलं अस्तर सुजलेलं असतं, त्यामुळे आम्हाला चोवीस तास पातळच घ्यायला सांगतात. लगेच पुन्हा खाल्लं की पुन्हा अडकतं, आणि असं होत राहिलं तर बँड सरकायचा धोका वाढतो. थुंकीसुद्धा खाली उतरत नाही अशी स्थिती काही तास टिकली, किंवा पोटात सतत जोराची कळ राहिली, तर रात्र असो की सुट्टी, थेट इस्पितळात न्या आणि बँड आहे हे दारातच सांगा.

पण आठवड्यातून एकदा हे फार झालं. ‘बँडवाल्यांना असं व्हायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. एक तर बँड घट्ट आहे किंवा घास मोठे आणि घाईचे आहेत. पहिलं सर्जन बघतील. दुसऱ्यात तुमचा उपयोग आहे : तुम्ही स्वतः हळू जेवा. समोरचा भराभर जेवत असेल तर बँडवाल्याचा हातही नकळत भरभर चालतो. जेवताना त्यांना लांब उत्तर द्यावं लागेल असं काही विचारू नका. आणि त्यांची खूण ओळखायला शिका. अडकायच्या आधी शरीर हळूच सांगतं. कुणाला मोठा उसासा येतो, कुणाला उचकी, कुणाला शिंक. माझं नाक वाहायला लागतं. नाकाला रुमाल लावला की त्यानंतरचा घास हा अडकणारा घास, हे माझ्या मुलीने माझ्याआधी ओळखलं होतं.

सकाळी बँड जास्त घट्ट वाटतो हेही लक्षात ठेवा. मलाच नव्हे, अनेकांना. पाळीच्या आधी आणि ताणाच्या दिवसांतही. सकाळी मी फक्त काहीतरी गरम पिते, चावायचं अन्न दहानंतर.

प्रश्न : गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन घेतलं तर चालेल का? माझ्या बाकीच्या गोळ्याही मोठ्या आहेत.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. त्या जठराच्या अस्तराला इजा करतात आणि बँडजवळ व्रण झाला तर बँड आत रुतण्याचा धोका असतो. बहुतेक सर्जन दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सुचवतात, तरी तुमच्या डॉक्टरांना विचारा. गोळ्या मोठ्या असतील तर पातळ औषध किंवा लहान गोळी मिळते का पहा. सगळ्याच गोळ्या कुटून घेऊ नका. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

प्रश्न : ऑपरेशनला दहा महिने झाले, वजन छान उतरतंय. आता आम्हाला बाळ हवंय. बँड काढावा लागेल का?

साधारणपणे काढावा लागत नाही. वजन झपाट्याने उतरत असताना गर्भ राहू नये म्हणून ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, तेवढा धीर धरा. या काळात गर्भनिरोधनाकडे नीट लक्ष द्या, कारण वजन उतरल्यावर अनियमित पाळी सुधारते आणि दिवस अनपेक्षितपणे राहू शकतात. गर्भारपणात बँडमधलं पाणी कमी करता येतं किंवा पूर्ण काढता येतं, आणि नंतर पुन्हा भरता येतं. बँडची ही खरी जमेची बाजू आहे.

उलट्यांच्या बाबतीत मात्र फार सावध रहा. बँड असताना दिवसेंदिवस उलट्या होत राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, भराभर संपतं, आणि त्याची कमतरता मेंदूला आणि नसांना कायमची इजा करू शकते. सकाळच्या उलट्या तर होणारच, असं म्हणून घरी बसू नका. हे गर्भारपणाशिवायही, प्रत्येक बँडवाल्याला लागू आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला डॉक्टरांनी स्लीव्ह सांगितली आहे. कापाकापी नको म्हणून आम्हाला बँड बरा वाटतो. तुम्ही काय म्हणाल?

कुठलं ऑपरेशन, ते तुमच्या मुलाने आणि त्याच्या सर्जननी ठरवायचं. मी फक्त तुमच्या कारणाबद्दल बोलते. ‘कापाकापी नाही’ याच कारणाने मीही बँड निवडला. दुर्बिणीतून बँड बसवण्याचं पहिलं ऑपरेशन बेल्जियममध्ये मितिकू बेलाशू यांनी १९९३ साली केलं. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि पुढची दहा वर्षं तो खूप बसवला गेला. आज फार कमी बसवतात. स्लीव्हमध्ये जठराचा बराच मोठा भाग कायमचा काढून टाकतात हे खरं, पण बँडचं ऑपरेशनही एका दिवसात संपत नाही. दर काही आठवड्यांनी, पुढे काही महिन्यांनी सुईला जावं लागतं, आणि ते आयुष्यभर. बँड सरकतो, आत रुततो, नळी गळते, पोर्ट उलटं होतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींना पुन्हा ऑपरेशन लागतं. माझं पोर्ट सहाव्या वर्षी उलटलं, तेव्हा ते पुन्हा शिवून घ्यावं लागलं.

मी माझ्या बँडवर नाराज नाही. पण मुलगा शिक्षणासाठी, नोकरीसाठी गावोगाव फिरणार असेल तर प्रत्येक ठिकाणी बँड भरणारा आणि सैल करणारा हात मिळेल का, हे आधी विचारा. मला हे कुणी विचारलं नव्हतं.

प्रश्न : नऊ वर्षांनी माझा बँड सरकला आणि काढून टाकावा लागला. तीन महिन्यांत ६ किलो वाढले. भूक इतकी लागते की भीती वाटते. नऊ वर्षांत मी काहीच शिकले नाही का?

ताई, तुमचं पत्र मी चारदा वाचलं. बँड काढल्यावर भूक परत येते ती मनाची नसते. नऊ वर्षं जो दाब मेंदूला ‘पुरे’ सांगत होता तो एका दिवसात बंद झाला. तुम्ही काही तरी चुकलात म्हणून बँड सरकला असंही धरू नका. हळू जेवणाऱ्यांचे, सगळं पाळणाऱ्यांचेही सरकतात.

तुम्ही लिहिलंय की अजूनही चमचा खाली ठेवून, घास संपल्यावरच पुन्हा उचलता. तो चमचा तसाच चालू ठेवा, फक्त आता वीस मिनिटांनी पुरे वाटेल याची वाट पाहू नका, कारण ते वाटायला उशीर होईल. ताटात आधीच मोजून घ्या आणि प्रत्येक जेवणात अंडं, मासा, डाळ असं काही तरी प्रथिनांचं आधी खा. आणि सर्जनकडे लवकर जा, वजन पुरतं परत येईपर्यंत थांबू नका. बँडनंतर स्लीव्ह किंवा जठराची बायपास (अन्नाची वाट वळवणारं ऑपरेशन) अनेकांना करता येते, मात्र बँडभोवतीचा वण भरायला किती वेळ द्यायचा ते तेच सांगतील. जाताना जुनी कागदपत्रं घेऊन जा : बँड कुठल्या प्रकारचा होता, शेवटी किती मिली भरलेलं होतं, काढताना काय दिसलं. बँड काढण्याच्या ऑपरेशनचा अहवाल तुम्हाला दिलेला नसेल तर लेखी मागून घ्या. नव्या सर्जनना सगळ्यात आधी तोच लागेल.